पीर, पार्सल आणि तंबोरा

किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत का राहिले, यावरून आमच्या घरात कायम दोन तट होते. मावशीआजी म्हणायची, दर्ग्याच्या पिरानं, मीरासाहेबांनी ठेवून घेतलं. आजोबा म्हणायचे, रेल्वेनं ठेवून घेतलं. आजोबा मिरज स्टेशनात पार्सल क्लार्क होते, त्यामुळे जगातल्या बहुतेक गोष्टी त्यांच्या लेखी रेल्वेनंच घडवलेल्या होत्या. मावशीआजी म्हणजे माझ्या आजीची थोरली बहीण. लग्नानंतर तिचं सगळं आयुष्य दर्ग्याच्या परिसरात गेलं. तिच्या घरात दत्ताची तसबीर होती, गुरुवारचा उपास होता आणि उरुसाला मीरासाहेबांना साखर न्यायचा शिरस्ताही होता. यात काही वेगळं आहे असं तिला कधी वाटलं नाही. मिरजेत तसं ते कुणालाच वाटायचं नाही.

तिची गोष्ट अशी. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, जन्म 1872 चा. बडोद्याच्या दरबारात गात होते. तिथल्या सरदार माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याबरोबर निघाली आणि बडोदं कायमचं सुटलं. पुढे प्लेगाच्या दिवसांत ते मिरजेत आले आणि तापानं फणफणले. वाचण्याची आशा नव्हती. त्यांना ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात नेलं, तिथे त्यांनी पिराला आळवलं आणि ताप उतरला. तेव्हापासून दर उरुसाला, कुठेही असले तरी, खाँसाहेब पिरापुढे हजेरी लावायला यायचे. मावशीआजीनं हे सासूकडून ऐकलं होतं. सासूनं कुणाकडून, ते विचारायची सोय नव्हती. खाँसाहेबांना मात्र तिनं स्वतः लहानपणी पाहिलं होतं. "काडीसारखा माणूस, डोक्यावर भला मोठा फेटा, जाड मिशा, आणि आवाज इतका बारीक की वाटायचं, आत्ता तुटेल. तुटायचा नाही."

आजोबा हे ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, "अक्का, पीर गुलबर्ग्यालाही आहे, अजमेरलाही आहे. मग मिरजच का?"

त्यांचं म्हणणं तसं बिनतोड होतं. खाँसाहेबांना म्हैसूरच्या दरबारातून बोलावणी येत, 'संगीतरत्न' ही पदवीही तिथलीच. मुंबई-पुण्याच्या मैफली एका अंगाला आणि धारवाड, हुबळी, म्हैसूर दुसऱ्या अंगाला. मधे मिरज जंक्शन. पुण्याहून दक्षिणेला जाणारी गाडी इथूनच जायची, कोल्हापूरचा फाटाही इथूनच फुटायचा. गवयानं बिऱ्हाड करावं तर इथेच. किराणा घराण्याचं नाव उत्तरेतल्या गावाचं, पण त्याची माणसं निघाली कुंदगोळ, हुबळी आणि गदगची. हा चमत्कार आजोबांच्या मते टाइमटेबलात शोधायचा.

मला स्वतःला दोन्ही म्हणणी अर्धीच वाटतात. पिरानं बोलावलं आणि गाडीनं आणलं, इथपर्यंत ठीक. पण गवई एखाद्या गावात टिकतो तो तिथल्या माणसांमुळे, आणि मिरजेत ती माणसं सतारमेकर गल्लीत बसलेली होती.

ही मंडळी मूळची शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावणं हा त्यांचा धंदा. इंग्रजी अमलात संस्थानिकांच्या फौजा नावापुरत्या उरल्या आणि हत्यारांचं काम आटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब नावाच्या कारागिरानं नादुरुस्त तंबोरा हातात घेतला, तो नीट करता करता नवा घडवायला शिकला, आणि मिरजेत वाद्यांचा धंदा उभा राहिला, असं गल्ली सांगते. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होताच. भोपळे यायचे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. 1927 साली बार्शी लाइटची चिमुकली गाडी पंढरपुराहून मिरजेपर्यंत आली. आजोबांच्या आठवणीत त्या गाडीतून वारकरी आणि भोपळे एकाच डब्यातून उतरत, आणि हमालांना वारकरी परवडत.

तयार तंबोरा पार्सलात यायचा तेव्हा आजोबांची खरी परीक्षा असे. गवताची गादी, वर गोणपाट, त्यावर लाकडी खोका, आणि पावतीवर शिक्का: मालकाच्या जोखमीवर. म्हणजे फुटला तर रेल्वेचा संबंध नाही. पण फुटलेला तंबोरा दुसऱ्या गाडीनं परत येणार आणि त्याच्यामागे कारागीर स्टेशनात येऊन उभा राहणार, हे ठाऊक असल्यामुळे आजोबा खोका स्वतः गार्डाच्या डब्यात उभा करून येत.

खाँसाहेबांचं या गल्लीशी नातं गिऱ्हाइकाचं नव्हतं. वाद्यदुरुस्ती त्यांच्या स्वतःच्या हातात होती, हत्यारं ते जवळ बाळगत. त्यामुळे जवारी, म्हणजे तारेचं गुंजन, कशी हवी हे त्यांना नुसतं सांगता यायचं नाही, करूनही दाखवता यायचं. जवारीचं काम मी गल्लीत बसून पाहिलं आहे. कारागीर घोडीच्या माथ्यावर कानशीचा हलका हात फिरवतो, तार छेडतो, पुन्हा फिरवतो. मग तारेखाली सुताचा धागा घालून केसाकेसानं सरकवत नेतो. इतका वेळ टणटण करणारी तार एका जागी अचानक गुंजायला लागते. धागा किंचित पुढे गेला तरी गुंजन गेलं. श्रुतींच्या प्रयोगांसाठी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना खाँसाहेबांसारखा गळा मिळाला तो याच टापूत, आणि तो गळा ज्या तंबोऱ्यांवर बसला ते या गल्लीतले. आजोबा सांगत, गल्लीत शिष्याला उधार वाद्य मिळायचं ते गुरूच्या नावावर. शिष्य अर्ध्यावर पळाला तर पैसे बुडत नसत, गुरूची पत मात्र बुडे.

पत राखण्याचा हा हिशेब खाँसाहेब शिष्यांशीही ठेवत. रामभाऊ कुंदगोळकरांना शिकवायला घेतलं ते किमान आठ वर्षं राहायच्या अटीवर. घरात ठेवायचं, खाऊ घालायचं, आणि गळा तयार होईपर्यंत बाहेर गाऊ द्यायचं नाही. ही श्रद्धा म्हणायची की करार? मला तर यात दोन्ही दिसतात. रामभाऊंनी पुढे गुरूच्या मनाविरुद्ध नाटकाची वाट धरली आणि 'सवाई गंधर्व' झाले. नातं ताणलं गेलं, तुटलं नाही. रामभाऊंकडे गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी शिकले. 1952 साली ते गेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू झाला.

मिरजेतच आणखी एक जण घडला, तोही 1872 चाच. विष्णू दिगंबर पलुसकर. जन्म जवळच्या कुरुंदवाडचा. लहानपणी फटाका उडून डोळे अधू झाले, उपचारांसाठी मिरजेत आणलं, आणि बाळासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. एका समारंभाला शिष्याला मानानं बोलावणं आलं आणि गुरूला आलं नाही, हे मनाला लागून त्यांनी 1896 साली मिरज सोडली, असं सांगतात. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, मग मुंबईत मोठी इमारत उभारली. विद्यालयावर कर्ज चढलं, इमारत लिलावात गेली. मग रामनाम आणि नाशिक. त्यांची भक्ती कुणापेक्षा कमी नव्हती, पण सावकार काही गल्लीतला कारागीर नव्हे. 1931 साली त्यांनी देह ठेवला तो पुन्हा मिरजेतच. मावशीआजी हे खास पुराव्यासारखं सांगायची, जणू मीरासाहेबांनी त्यांच्यावरही नजर ठेवली होती.

मात्र एका विषयावर तिची पंचाईत व्हायची. 1922 साली ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू, हिराबाई, सरस्वती, सगळी मुलं आईबरोबर गेली, माने झाली. हिराबाईंचं पुढचं शिक्षण भावाकडे आणि अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे झालं. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्यावहिल्या गायिकांपैकी त्या एक. सगळ्या गावाला तंबोऱ्यासारखं जुळवून घेणाऱ्या माणसाला घरचा षड्ज सांभाळता आला नाही. आजोबा मुद्दाम विचारायचे, "तेव्हा पीर कुठं होता?" मावशीआजी म्हणायची, "त्यात पिराचा काय संबंध? संसार माणसांनी करायचा असतो." यश आलं की पीर आणि बिनसलं की माणसं, हा तिचा न्याय आजोबांना शेवटपर्यंत पटला नाही. मला तो सोयीचा वाटतो, पण खोटा वाटत नाही.

आजोबांचा हुकमी एक्का 27 ऑक्टोबर 1937 चा. मद्रासकडचा कार्यक्रम करून खाँसाहेब पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनात उतरले, फलाटावर बिछाना घालायला सांगितला, तंबोरा लावून घेतला, दरबारीत देवाची आळवणी केली आणि तिथेच गेले. "बघा अक्का," आजोबा म्हणायचे, "अखेर स्टेशनातच!"

"आणि नेलं कुठं?" मावशीआजी सुपारी कातरत विचारायची. "दर्ग्यातच ना?"

कबर दर्ग्याच्या आवारात आहे, हे आजोबांनाही मान्य होतं.

खाँसाहेबांच्या पश्चात उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होऊ लागली. इथे बिदागी नाही. मोठमोठे गवई हजेरी लावून जातात, त्यांच्या आधी कोवळी पोरं गातात. बिनपैशाचं गाणं म्हणजे धंद्याबाहेरचं, असं आपण समजतो. मिरजेत मला ते उलटं दिसलं. समोर सांगली-कोल्हापूर-हुबळीचे कार्यक्रम ठरवणारे बसलेले असतात, साथीदार एकमेकांचे हात जोखत असतात, आणि तंबोरा ज्यानं घडवला तोच मागे उभा राहून ऐकत असतो. पैसे घेऊन गाणाऱ्याची पारख करताना माणूस हिशेब करतो. फुकट गाणाऱ्याचं तो ऐकतो.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गेल्या खेपेला गल्लीत एका दुकानात बसलो होतो. परदेशातल्या गिऱ्हाइकाची ऑर्डर मोबाइलवर आली, आगाऊ रक्कमही लगेच जमा झाली. मी विचारलं, इथले गवई कसे देतात? मालकानं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. निम्म्या नावांपुढे तारखेच्या रकान्यात एकच शब्द होता: उरूस.

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"असं होतं कधी कधी," तो म्हणाला, "मग मी त्यांच्या उस्तादांना फोन करतो."