आकडा आणि नाव

१९५७ च्या रोम करारात सामायिक कृषिधोरणाची जी उद्दिष्टे नोंदवली आहेत, त्यांत शेतीवर जगणाऱ्या समाजाला योग्य जीवनमान मिळावे, असे एक आहे. त्या उद्दिष्टामागचा शेतकरी युद्धोत्तर युरोपाच्या मनात ठसलेला होता : थोडी जमीन, चार गुरे, राबणारी घरचीच माणसे. पुढे अब्जावधींचे अनुदान याच प्रतिमेच्या नावे वाटले गेले. ते प्रत्यक्षात कोणाच्या पदरात पडले, हे मात्र करदात्याला चाळीसेक वर्षे कळू शकले नाही.

आकडा ठाऊक नव्हता असे नव्हे. साहाय्याचा ८० टक्के वाटा २० टक्के शेतांकडे जातो, हे १९९१ साली खुद्द युरोपीय आयोगानेच लिहून ठेवले होते. १९९२ मध्ये सुधारणाही झाल्या. पण घेणाऱ्यांची नावे दप्तरातच राहिली.

२००४ साली डेन्मार्कमध्ये पत्रकारांच्या पाठपुराव्यामुळे यादी खुली झाली. ब्रिटनमध्ये माहिती-स्वातंत्र्याचा कायदा १ जानेवारी २००५ रोजी अमलात आला आणि मार्चमध्ये इंग्लंडची यादी बाहेर पडली. तीत राणी एलिझाबेथ होत्या, वेस्टमिन्स्टरचे ड्यूक होते, आणि मोठ्या रकमांच्या मानकऱ्यांत टेट अँड लाइल ही साखर कंपनी होती. शेतीच्या अनुदानात साखर कंपनी कशी? युरोपातला साखरेचा भाव जागतिक भावापेक्षा चढा ठेवलेला असे. निर्यातीत येणारी तूट सरकारी पैशातून भरून निघे आणि ती भरपाई निर्यातदाराला मिळे. यात कोणी नियम मोडला नव्हता. घोटाळा सापडला असता, तर प्रकरण एवढे बोलके झाले नसते.

२००८ च्या नियमाने सर्वच सदस्य देशांना लाभार्थ्याचे नाव, गाव आणि रक्कम प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. त्याविरुद्ध जर्मनीतील हेसेन प्रांतातील एक शेतकरी आणि एक शेती-भागीदारी न्यायालयात गेले. ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने व्यक्तींपुरता तो नियम रद्द ठरवला. साहाय्य किती, किती काळ, कशा स्वरूपाचे, याचा कोणताही भेद न करता सरसकट नावे छापणे प्रमाणाबाहेरचे आहे, असे त्याचे म्हणणे. मला हा निर्णय अर्धाच पटतो. चार गाईंच्या धन्याला ड्यूकच्या ओळीत उभे करू नये, हे खरे. पण तत्काळ परिणाम असा झाला, की धन्याबरोबर ड्यूकही अदृश्य झाले. कंपन्यांची नावे तेवढी राहिली. २०१३ च्या नियमाने नावे परत आली, ती किमान मर्यादेसह : अत्यल्प रक्कम घेणाऱ्याच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक.

आपल्याकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील शासनाने आपणहून प्रसिद्ध करायचा आहे. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत वर्षाला सहा हजार रुपये घेणाऱ्याचे नाव संकेतस्थळावरच्या गावनिहाय यादीत कोणालाही पाहता येऊ लागले. तिथे किमान मर्यादेचा प्रश्न कोणी काढला नाही. खतावरचे अनुदान मात्र उत्पादक कंपन्यांकडे जाते. गावच्या यादीत त्याची ओळ नसते.