मोहाचं तेल, घाटमाथ्याचं ऊन आणि आजीची हाडं

आजचा भाग ताईच्या एका फोनवरून सुचला. ताई कल्याणला राहते, सहावा महिना चालू आहे. रिपोर्टमध्ये ड जीवनसत्त्व फार कमी आलं. डॉक्टरांनी आठवड्याला एक पुडी दिली आणि सांगितलं, जेवणानंतर घे. ताई मात्र ती सकाळी उपाशीपोटी, कोमट पाण्यातून घेत होती. वर वजन वाढायला नको म्हणून जेवणातलं तेल-तूप जवळजवळ बंद. मला विचारते, "जेवणानंतरच का? पुडी ती पुडीच ना?"

या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षं जुनं आहे. आणि त्यातला एक तुकडा आपल्या अगदी शेजारचा निघाला.

आमचं आजोळ शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला. वडिलांचं गाव मुरबाडकडे. दोन्हीकडे लहानपणी तेल म्हणजे दोनच: खुरासणीचं आणि मोहाचं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, पावसाच्या तोंडाला फळं पिकतात. त्यातल्या बिया फोडून, वाळवून घाण्यावर न्यायच्या. थंडीत हे तेल बाटलीत तुपासारखं थिजतं, मग बाटली चुलीजवळ ठेवायची. आजी त्यात भाजी करायची आणि तेच डोक्याला लावायची.

मोहाचं झाड इंग्रज सरकारलाही चांगलंच ठाऊक होतं बरं का. 1892 साली मुंबई सरकारने मोहाच्या फुलांवर कायदा केला, खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी. फुलांची दारू निघते आणि घरची दारू म्हणजे अबकारीचा महसूल बुडाला, एवढंच त्यामागचं गणित. ज्या झाडाखाली आदिवासी घरांची उन्हाळ्याची बेगमी व्हायची, त्याच्या फुलांचा साठा करणं गुन्ह्यात जमा झालं. दारूबंदीच्या गप्पा मारणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता हाडांकडे येऊ. मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकतात तो आजार म्हणजे मुडदूस. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना घरात कोंडून ठेवलं आणि ओटवर वाढवलं. पिल्लांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचं तेल दिल्यावर तो टळला. मग निष्कर्ष निघाला, चरबीत काहीतरी आहे. त्याच सुमारास, 1919 मध्ये, बर्लिनला हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना नुसत्या दिव्याच्या अतिनील प्रकाशात बसवून बरं केलं. मग खरं काय, तेल की ऊन?

इथे आपलं नाशिक येतं. कसारा घाट चढला की लागतं तेच. 1920 च्या आसपास हचिसन आणि शाह यांनी तिथल्या मुलांची पाहणी केली. मुडदूस सापडला तो सुखवस्तू घरांत, जिथे खायला बरं होतं पण बाया आणि तान्ही बाळं पडद्याआड राहायची. ज्या गरीब बाया पोर घेऊन शेतावर राबायच्या, त्यांचं जेवण हलकं होतं, पण त्यांची मुलं या आजारातून वाचलेली. मला हे वाचून गंमत वाटली आणि थोडं वाईटही. ज्या उन्हाला आपण कष्टाची खूण समजतो, त्याने तेवढं एक काम चोख केलं होतं.

1922 मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी कॉडचं तेल तापवून, त्यात हवा सोडून त्यातलं अ जीवनसत्त्व नष्ट केलं. तरी मुडदूस बरा होतच राहिला. म्हणजे त्यात दुसरंच काही होतं. त्याला नाव मिळालं ड. ते आपली कातडी उन्हात बनवते. आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला ते लागतं. आणि पुडीतून घेतलं तर ते विरघळतं चरबीत, पाण्यात नाही. अ, ई आणि के यांचंही तसंच.

म्हणून ताईला "जेवणानंतर". ताटात थोडं तेल-तूप असेल तर पुडी नीट अंगी लागते.

इथे एक घोटाळा टाळूया. मोहाच्या किंवा खुरासणीच्या तेलात ड नसतं. आजी ऐंशीपर्यंत ताठ चालली ते "आमच्या तेलामुळे", असं आत्या छातीठोक सांगते, पण एका आजीवरून सिद्धांत मांडता येत नाही. ऊन तिला रोज मिळालं. नाचणीच्या भाकरीतून कॅल्शियम मिळालं, शंभर ग्रॅम नाचणीत ते 300 मिलिग्रॅमहून जास्त असतं. तेलाचं काम वेगळं: टाकळा-कुरडूच्या भाजीतून अ अंगी लावणं आणि थोड्या घासांत ताकद देणं. एक ग्रॅम चरबीत 9 कॅलरी, भातात त्याच्या निम्म्याहूनही कमी. तान्ह्याच्या इवल्याशा पोटात पातळ पेज भरली तर पोट भरतं, पण बाळ वाढत नाही. म्हणूनच 2015 पासून आदिवासी भागात अंगणवाडीतून गरोदर बायांना अमृत आहार मिळतो, त्यात भाजी-भाकरीसोबत अंडं आणि शेंगदाण्याचा लाडूही असतो.

मधल्या काळात डालडा आला, 1937 मध्ये. तो दिसायला तुपासारखा, किमतीला स्वस्त. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीला डबा आणणं म्हणजे ऐट होती. तेलाला घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयाला वाईट, हे फार उशिरा कळलं. आपल्याकडे त्याची मर्यादा 2 टक्क्यांवर आली ती 2022 मध्ये. तोवर आजीचा घाणा बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. बिया विकायच्या आणि पिशवीतलं तेल आणायचं.

तेल ओतत सुटा, असं मी म्हणत नाहीये. दिवसाला माणशी 20 ते 30 ग्रॅम दिसणारं तेल-तूप पुरतं, म्हणजे चार-सहा छोटे चमचे. शून्यावर मात्र यायचं नाही.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच होतं तर आधीच सांगायचं ना." रविवारी आत्या मुरबाडहून आली, पिशवीत शेवळं, खुरासणीच्या तेलाची बाटली. आता ताई दुपारी गच्चीत खुर्ची टाकून बसते. शेजारच्या काकू विचारतात, काळी पडशील ना गं?