दगडाची किंमत, चिठ्ठीची किंमत

पुणे, नाशिक, जळगाव या पट्ट्यातल्या खडीच्या खाणी हिंडलेल्या माणसाला ह्यूलँडाइट वेगळे दाखवावे लागत नाही. काळा पाषाण सुरुंगाने फुटला की आतल्या पोकळीत ते दिसते. मध्ये रुंद, दोन्ही टोकांना निमुळते असे त्याचे स्फटिक असतात आणि अंगावर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी चमक असते. हे नाव एका व्यापाऱ्याचे आहे. जॉन हेन्री ह्यूलँड हा मूळचा जर्मन गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये खनिजांचे लिलाव करी. १८२२ साली हेन्री जेम्स ब्रूक याने या खनिजाला त्याचे नाव दिले. ब्रूक स्वतः लोकरीच्या व्यापारातला, खनिजशास्त्र हा त्याचा छंद. याच ब्रूकने १८३१ साली आपल्याकडच्या एका खनिजाला ‘पूनाहलाइट’ म्हटले. पुढे ते स्वतंत्र खनिज नसल्याचे ठरले आणि पुण्याचे नाव यादीतून गेले. लिलाववाल्याचे मात्र टिकले.

ह्यूलँडच्या लिलावांत नुसते दगड विकले जात नसत. दगड कोणत्या देशातला, कोणत्या खाणीतला, आधी कोणाच्या संग्रहात होता, याची नोंद त्याच्यासोबत जाई आणि दाम त्या नोंदीला असे. त्याचा एक मोठा संग्रह चार्ल्स हॅम्पडेन टर्नर या श्रीमंत संग्राहकाने घेतला. त्याची सूची करण्याचे काम आर्मांद लेव्ही या फ्रेंच स्फटिकतज्ज्ञाने केले. ती सूची १८३७ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. लंडनमधल्या त्या वर्षांत लेव्हीच्या हातून नवी खनिजेच सापडत गेली: फॉर्स्टेराइट, ब्रुकाइट, बॅबिंग्टनाइट. पैकी फॉर्स्टेराइट हे नाव ह्यूलँडच्या मामाचे. तोही खनिजांचा व्यापारीच होता. बॅबिंग्टनाइटचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

ही परंपरा अमेरिकेत फार साध्या रूपात पाहायला मिळते. न्यूयॉर्कचा खनिज क्लब १८८६ सालचा, आणि तसे लहानमोठे क्लब आज तिथल्या गावोगावी आहेत. न्यू जर्सीत नातेवाइकांकडे मुक्काम असताना अशाच एका स्थानिक क्लबाच्या वार्षिक लिलावाला मी दोनदा जाऊन आलो. एखाद्या सभागृहात लांब टेबले मांडतात. प्रत्येक दगडापुढे एक कागद असतो. त्यावर आपला क्रमांक आणि बोली लिहायची. दुसऱ्याने वाढवली की पुन्हा जाऊन वाढवायची. ठरलेल्या वेळी टेबल बंद होते आणि शेवटचा आकडा ज्याचा, दगड त्याचा. मोजक्या चांगल्या नमुन्यांचा मग तोंडी लिलाव होतो. माल बहुधा सभासदांचाच. कोणी जुना सभासद वारला की तळघरातले शेकडो दगड घरच्यांना ओझे होतात आणि पुठ्ठ्याच्या उथळ खोक्यांतून क्लबाकडे येतात. स्वस्तात काही मिळायचे तर ते या खोक्यांत. वेगळ्या मांडलेल्या दगडांची परीक्षा दहाजणांनी आधीच केलेली असते.

न्यू जर्सी ही जागा या विषयाला मुद्दाम सोयीची आहे, कारण पॅटरसन शहराच्या आसपासही आपल्यासारखाच बेसाल्ट आहे. तो सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा, आपला दख्खनचा साडेसहा कोटींचा. पण पोकळ्यांतली खनिजे बरीचशी तीच: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, प्रेहनाइट. पॅटरसनच्या कित्येक खाणी बंद पडल्या, जागेवर वस्ती झाली. त्यामुळे तिथल्या जुन्या दगडाला स्थानिक माणूस जिवापाड जपतो. पहिल्याच वर्षी मी पाहिले, पॅटरसनचे सुपारीएवढे, कडा झिजलेले प्रेहनाइट ६५ डॉलरला गेले आणि त्याच टेबलावरचे भारतातले तळहाताएवढे, आरपार स्वच्छ अपोफिलाइट १२ डॉलरला. मला राग आला नाही. एकावर खाणीचे नाव, काढणाऱ्याचे नाव आणि वर्ष होते. दुसऱ्यावर नुसते ‘पूना, इंडिया’.

हे ‘पूना’ म्हणजे एक मोठी पिशवी आहे. आपल्याकडे स्फटिकासाठी म्हणून खाण कोणी खणत नाही. खडीसाठी, रस्त्यासाठी, विहिरीसाठी दगड फोडताना पोकळी लागते, कामगार हाताने तुकडे सोडवतो, ठेकेदार किंवा गावातला खरेदीदार ते घेतो, तिथून शहरातला निर्यातदार, तिथून परदेशातले प्रदर्शन. मधल्या प्रत्येकाला आपली जागा दुसऱ्याला कळू द्यायची नसते. धंदा म्हणून ते समजण्यासारखे आहे, पण त्यापायी नाशिकचे, जळगावचे, नगरच्या विहिरींतले सगळे ‘पूना’त जमा झाले. जिथे गावाचे नाव टिकले तिथला फरक पाहा. कॅव्हन्साइट प्रथम ओरेगॉनमध्ये सापडले, १९७३ मध्ये त्याचे वर्णन झाले, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या खाणींतून त्याचे निळेभोर गुच्छ निघू लागले. आज जगातला कोणताही संग्राहक ‘वाघोली’ हा शब्द बरोबर उच्चारायचा प्रयत्न करतो. पाषाणच्या टेकडीवरच्या हिरव्या अपोफिलाइटचेही तसेच.

म्हणून अशा लिलावात मी दगडाआधी त्याच्याभोवतीचे कागद पाहतो. दगड उलटा करावा. मागे पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर शाईने घातलेला बारीक आकडा असेल तर तो कोणाच्या तरी नोंदवहीतला असतो. खोक्याच्या तळाशी बोट फिरवावे, चिठ्ठ्या तिथे चिकटून बसतात. डिंकाने जोडलेला स्फटिक भिंगाखाली ओळखू येतो, तो टाळावा. आपल्याकडून गेलेल्या मालाला आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे गुंडाळलेले वर्तमानपत्र. नऊ डॉलरला घेतलेल्या एका खोक्यात सहा दगड होते, चिठ्ठी एकही नव्हती, पण दोन दगड अजून मराठी दैनिकाच्या पानात होते. पुण्यातल्या चित्रपटगृहांच्या जाहिराती, कोपऱ्यात १९७६ सालची तारीख. यातून खाण कळत नाही. पण माल पुण्यातून बांधला गेला असावा आणि त्या तारखेआधी बांधला गेला नाही, एवढे कळते. ज्या दगडाबद्दल काहीच ठाऊक नव्हते त्याच्या बाबतीत हे पुष्कळ झाले. शेजारचा बोलीदार तो कागद चुरगळून टाकायला निघाला होता. मी त्याच्याकडून मागून घेतला.

दुसऱ्या वर्षीची खरेदी सात डॉलरची. कागदावर ‘प्रेहनाइट, इंडिया’ एवढेच लिहिलेले. फिकट हिरव्या, द्राक्षाच्या घोसासारख्या पृष्ठभागावर चार-पाच काळेभोर, चकचकीत स्फटिक होते, मोठ्यातला मोठा ज्वारीच्या दाण्याएवढा. लोकांनी ते डाग समजून सोडले असावेत. ते बॅबिंग्टनाइट होते, लेव्हीने १८२४ मध्ये वर्णन केलेले. हा काळा-हिरवा जोड ज्याने एकदा पाहिला त्याला मुंबईच्या उपनगरांतल्या खाणी आठवतात. खोक्याच्या तळाशी चार घड्या घातलेली पिवळी चिठ्ठी निघाली. त्यावर टंकलेखन यंत्राने ‘खांदिवली क्वारी, बॉम्बे’ असे उमटवलेले होते. जुन्या चिठ्ठ्यांवर कांदिवली असेच लिहिलेली असते.

परत आल्यावर मी कांदिवलीत दोन दिवस हिंडलो. खाणीचा माग विचारला तर तरुणांना प्रश्नच कळेना. एका जुन्या रहिवाशाने मात्र हात करून दाखवले: तिकडे सुरुंग उडायचे, भोंगा झाला की आई आम्हांला घरात ओढायची. त्याने दाखवलेल्या बाजूला आता इमारती आहेत आणि त्यांच्या मागे दगडाची एक उभी कातळभिंत, तिच्यावर पिंपळ उगवलेला. त्याला मी खिशातला दगड दाखवला. त्याने तो उन्हात धरून पाहिला आणि असले तुकडे आम्ही गोट्यांसारखे फेकायचो, म्हणाला. त्याचे हे बोलणे, जागा आणि तारीख मी नव्या चिठ्ठीवर मराठीत उतरवली. जुन्या पिवळ्या चिठ्ठीखाली ती आता त्याच खोक्यात आहे, सात डॉलरच्या बोलीच्या कागदासकट.