बिनटोकाच्या आरएनएची गोष्ट

कागदाच्या एका पट्टीवर ओळीने १, २, ३, ४ असे आकडे लिहा. डावीकडून वाचत गेल्यास ४ च्या पुढे १ कधीच येणार नाही. आता पट्टीची दोन टोके चिकटवून कडे करा. ४ च्या पुढे १ आला! वर्गात सहज होणारी ही कृती लक्षात ठेवली, तर एका दुर्लक्षित रेणूचा इतिहास समजणे सोपे जाईल.

जनुकातील माहितीची नक्कल आरएनएच्या रूपाने तयार होते. तिच्यातील नको असलेले भाग कापले जातात आणि उरलेले तुकडे, म्हणजे एक्झॉन, क्रमाने जोडले जातात. हा आरएनए सरळ धाग्यासारखा असतो, असेच आपण शिकवत आलो.

या समजाला पहिला धक्का वनस्पतिरोगांच्या अभ्यासातून बसला. पिकांना रोग आणणारे व्हायरॉइड म्हणजे आरएनएची बंद कडी आहेत, असे १९७६ मध्ये हाइन्झ झेंगर व सहकाऱ्यांनी दाखवले. १९७९ मध्ये सू आणि कोका-प्रादोस यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या हेला पेशींतही अशी कडी दिसली. १९९१ मध्ये अमेरिकेत बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंधित जनुक तपासताना, एक्झॉनचा क्रम उलटसुलट आढळला. आपल्या पट्टीवरचे ‘चारानंतर एक’च ते! पण असे रेणू फारच थोडे होते. पेशीची जोडणीतली चूक, असे मानून बहुतेकांनी विषय सोडला.

दोष पद्धतीतही होता. आरएनए वेगळा काढताना अनेकदा त्याच्या टोकाची अ‍ॅडेनिनची शेपटी धरून तो ओढून घेतात. कड्याला टोकच नाही, मग शेपटी कुठली? शिवाय क्रम जुळला नाही की संगणकही ती माहिती वगळत असे.

२०१२ मध्ये ज्युलिया साल्झमन व सहकारी रक्ताच्या कर्करोगातील जनुकांची मोडतोड शोधत होते. त्यांनी न जुळणारी माहिती टाकली नाही. तोच उलटा क्रम निरोगी पेशींतही, शेकडो जनुकांत सापडला. ती कडीच होती. २०१३ मध्ये डेन्मार्क व जर्मनीतील गटांनी एका कड्याचे कामही दाखवले. सूक्ष्म आरएनएची एक जात पकडून ठेवणाऱ्या ७० हून अधिक जागा त्याच्यावर होत्या.

मग स्तनाच्या कर्करोगाकडे लक्ष वळले. फॉक्सओ-३ जनुकापासून बनणारे कडे स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींत कमी असते आणि ते वाढवल्यास कर्कपेशी मरू लागतात, असे कॅनडातील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले. कड्यांचा आणखी एक गुण मोलाचा आहे. आरएनएला टोकापासून कुरतडणारी विकरे त्यांच्यापुढे हतबल होतात, म्हणून ती रक्तातही टिकतात. साध्या रक्ततपासणीतून निदान करता येईल का, याचा शोध त्यामुळेच चालू आहे.

मात्र हा अजून संशोधनाचाच विषय आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. घरात कुणाला स्तनात गाठ जाणवली, तर अशा चाचणीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. निदान आजही मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि गाठीचा तुकडा तपासूनच होते.

आणि शिक्षकांना आमची एक विनंती. विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीत न जुळणारे निरीक्षण दिसले, तर ते खोडायला सांगण्यापूर्वी प्रयोग पुन्हा करून पाहू द्यावा. बहुतेक वेळा ती चूकच निघेल. पण ती चूक आहे, हेही तपासूनच ठरायला हवे.