चार गोल आणि एक रिकामा रकाना

मेक्सिको सिटीचे आझ्टेका मैदान, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. एवढे शब्द वाचताच डोळ्यांसमोर २२ जून १९८६ आणि दिएगो मॅराडोना उभे राहतात. परंतु त्याच्या १५ वर्षे आधी, २१ ऑगस्ट १९७१ रोजी, याच मैदानावर याच दोन देशांचे संघ भिडले होते आणि अर्जेंटिनाने इंग्लंडला ४–१ असे हरवले होते. चारही गोल एकाच खेळाडूचे. तिचे नाव एल्बा सेल्व्हा.

ही महिलांची विश्वचषक स्पर्धा होती. फिफाची तिला मान्यता नव्हती. एका मद्यकंपनीच्या पैशावर आणि मेक्सिकोतील आयोजकांच्या उत्साहावर ती उभी राहिली आणि अंतिम सामन्याला एक लाखाहून अधिक प्रेक्षक लोटले. इंग्लंडची स्थितीही फार वेगळी नव्हती. तेथील फुटबॉल संघटनेने १९२१ पासून जवळजवळ अर्धशतक महिलांना आपल्या मैदानांवर पाऊल ठेवू दिले नव्हते. त्या दिवशी आझ्टेकावर समोरासमोर उभे होते ते दोन देशांचे असे संघ, जे स्वतःच्याच देशाच्या फुटबॉल संघटनेच्या खिजगणतीत नव्हते.

अर्जेंटिनाच्या मुली मेक्सिकोत उतरल्या तेव्हा त्यांच्यासोबत प्रशिक्षक नव्हता, डॉक्टर नव्हता. खिळ्यांचे फुटबॉल बूटही त्यांना तिथेच मिळाले. मार्गदर्शनाला कोणी हवे म्हणून मेक्सिकोत राहणारा एक माजी अर्जेंटिनी खेळाडू पुढे आला. पहिला सामना त्या यजमान मेक्सिकोशी १–३ असा हरल्या. मग इंग्लंडवरचा तो विजय. उपांत्य सामन्यात डेन्मार्ककडून ०–५, तिसऱ्या क्रमांकासाठी इटलीकडून ०–४. चौथे स्थान घेऊन संघ मायदेशी परतला आणि विस्मृतीत गेला. अर्जेंटिनाच्या फुटबॉल महासंघाने महिलांची साखळी स्पर्धा सुरू केली ती थेट १९९१ मध्ये.

त्यानंतरचा अधिकृत इतिहास वाचताना १९७१ची आठवण ठेवावी लागते, अन्यथा आकडे दिशाभूल करतात. २००३च्या विश्वचषकात जपानकडून ०–६, कॅनडाकडून ०–३, जर्मनीकडून १–६. पुढे २००६ मध्ये मार देल प्लाता येथे ब्राझीलला २–० असे नमवून अर्जेंटिनाने दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद पटकावले. हे त्यांचे आजवरचे एकमेव खंडीय विजेतेपद. परंतु पुढच्याच वर्षी शांघायमध्ये जर्मनीने ११–० असा धुव्वा उडवला. दोन विश्वचषक, सहा सामने, सहा पराभव. केलेले गोल २, खाल्लेले ३३. शांघायच्या त्या सामन्यात गोलपोस्टमध्ये उभी होती व्हानिना कोरेया. हे नाव लक्षात ठेवावे.

हरणारा संघ म्हणून दुर्लक्ष, आणि दुर्लक्षित म्हणून पुन्हा हार, असे हे चक्र होते. २०१५ नंतर सुमारे दोन वर्षे संघाने एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही, त्यामुळे फिफाच्या क्रमवारीतून त्याचे नाव गळाले. २०१७ मध्ये संघ पुन्हा जमवला गेला, पण ठरलेला १५० पेसोंचा तुटपुंजा भत्ताही हाती पडेना. खेळाडूंनी महासंघाला पत्र लिहिले आणि संप पुकारला. २०१८च्या कोपा अमेरिकात, चिलीमध्ये, संघाच्या छायाचित्रासाठी साऱ्याजणी कानामागे पंजा धरून उभ्या राहिल्या. ‘टोपो जिजिओ’ या बाहुल्याच्या नावाने ओळखली जाणारी ही मुद्रा २००१ मध्ये रिकेल्मेने बोका ज्युनियर्सच्या अध्यक्षांना दाखवली होती. अर्थ सरळ होता: आमचे ऐका.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पनामाविरुद्धचा पात्रता सामना सारान्दीच्या खचाखच भरलेल्या मैदानावर ४–० असा जिंकला गेला. मैदानाला नाव होते हुलिओ ग्रोंदोना यांचे. हे गृहस्थ ३५ वर्षे अर्जेंटिनाच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते आणि वरची बहुतेक उपेक्षा त्यांच्याच काळातली. इतिहासाला असा विनोद अधूनमधून सुचतो. मार्च २०१९ मध्ये महासंघाने महिलांची साखळी अर्धव्यावसायिक केली आणि पहिल्या श्रेणीच्या प्रत्येक क्लबला किमान ८ खेळाडूंशी करार बंधनकारक झाला. मकारेना सांचेझ या खेळाडूने काही आठवड्यांपूर्वीच आपल्या क्लबविरुद्ध कायदेशीर लढा उभारला होता; तिच्या धैर्याचा या निर्णयात मोठा वाटा आहे.

१० जून २०१९, पॅरिस. समोर २०११चा विश्वविजेता जपान. निकाल ०–०, आणि विश्वचषकातला अर्जेंटिनाचा पहिला गुण. पुढच्या सामन्यात इंग्लंडने १–० असे हरवले खरे, पण त्यांची एक पेनल्टी गोलरक्षिकेने झेप घेऊन अडवली. ती गोलरक्षिका म्हणजे व्हानिना कोरेया, वय ३५, जुळ्या मुलांची आई. मधल्या काळात तिने निवृत्तीही घेतली होती. १९ जूनला स्कॉटलंडविरुद्ध ७३ मिनिटांपर्यंत ०–३ अशी पिछाडी होती. मिलाग्रोस मेनेंदेझने पहिला गोल केला, फ्लोरेन्सिया बोनसेगुंदोचा फटका स्कॉटिश गोलरक्षिकेला लागून आत गेला आणि वाढीव वेळेत अर्जेंटिनाला पेनल्टी मिळाली. बोनसेगुंदोचा फटका अडवला गेला. मात्र गोलरक्षिका रेषा सोडून पुढे आल्यामुळे तो पुन्हा घेण्याचा आदेश झाला. दुसऱ्या वेळी चेंडू जाळ्यात. ३–३.

अर्जेंटिना बाद फेरीत पोहोचली नाही. २०२३ मध्येही दक्षिण आफ्रिकेशी ०–२ वरून २–२ अशी बरोबरी, बाकी दोन पराभव. चार विश्वचषकांतले १२ सामने, ३ बरोबरी, ९ पराभव. फिफाच्या दप्तरी विजयाचा रकाना आजही रिकामा आहे, कारण १९७१ची स्पर्धा त्यात मोजलीच जात नाही. अर्जेंटिनात मात्र २१ ऑगस्ट हा महिला फुटबॉलपटूंचा दिवस म्हणून पाळला जातो.

मे २०२४ मध्ये काही प्रमुख खेळाडूंनी राष्ट्रीय संघाचे शिबिर सोडले. त्यांच्या तक्रारींमध्ये जेवणाचाही उल्लेख होता: एक सँडविच आणि एक केळे.