नांव एकाचें, गळा दुसऱ्याचा

संस्था मोठी कीं संस्थेंत राबणारीं माणसें मोठीं, हा वाद फार जुना आहे. आपल्याकडील जुन्या नाटकमंडळ्यांतहि मालक, भागीदार आणि पगारी नट असे भेद असत, आणि त्यांच्यांतील मतभेदांमुळें एका मंडळीच्या दोन मंडळ्या झाल्याचीं उदाहरणें वडील पिढीला चांगलीं ठाऊक होतीं. परंतु संस्थेचें नांव ही एक स्वतंत्र मालमत्ता असून ती गाणाऱ्या माणसांपासून अजिबात वेगळी काढून विकतां येते, ही गोष्ट अमेरिकेंतील ‘ड्रिफ्टर्स’ या गायकवृंदाच्या चरित्रांत जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसेल. ‘ड्रिफ्टर’ या शब्दाचा अर्थ प्रवाहाबरोबर वाहत जाणारा, एका जागीं न ठरणारा मनुष्य. निरनिराळ्या वृंदांतून वाहत आलेले गायक एकत्र झाले म्हणून हें नांव पडलें, असें सांगतात. नांव ठेवणारांस तें पुढें इतकें खरें ठरेल याची कल्पनाहि नसावी.

ही कथा नीट समजण्यासाठीं तिची पार्श्वभूमि थोडक्यांत पाहिली पाहिजे. १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारें साठ लक्ष कृष्णवर्णी अमेरिकन लोक दक्षिणेंतील खेडींपाडीं आणि तेथील वर्णभेदाचे जाचक कायदे मागें टाकून देशाच्या इतर भागांतील औद्योगिक शहरांत येऊन राहिले. न्यूयॉर्क शहराचा हार्लेम विभाग हें त्यांच्या वस्तीचें एक प्रमुख ठिकाण. येतांना त्यांनीं बरोबर फारसें धन आणलें नव्हतें. परंतु चर्चमधील सामुदायिक भजनांचे संस्कार आणले होते. वाद्यें विकत घेण्याची ऐपत नसलेले तरुण रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून चौघे-पांचजण मिळून गात. एकानें मुख्य पद म्हणावें, दोघां-तिघांनीं स्वरसंगतीनें त्याला साथ द्यावी आणि एकानें खर्ज धरावा, अशी ती पद्धति. गळा हेंच त्यांचें भांडवल.

या लोकांमध्यें खपणाऱ्या ध्वनिमुद्रिकांची लोकप्रियतेप्रमाणें लावलेली यादी ‘बिलबोर्ड’ हें व्यापारी साप्ताहिक वेगळी छापीत असे. आणि त्या यादीस ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे एका विशिष्ट वंशाच्या ध्वनिमुद्रिका, असें अपमानास्पद नांव होतें. जून १९४९ मध्यें तें बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ असें करण्यांत आलें. ब्लूज म्हणजे दक्षिणेंतील दुःखगीत. त्याला जोरकस ठेक्याची जोड मिळून जें शहरी संगीत तयार झालें, त्याचें हें नांव. तें सुचविणारा जेरी वेक्स्लर हा त्या वेळीं बिलबोर्डचा बातमीदार होता. या कथेंत तो पुन्हां भेटणार आहे.

ड्रिफ्टर्सचा मूळपुरुष क्लाइड मॅक्फॅटर. हा १९३२ सालीं उत्तर कॅरोलिनांतील डरॅम या गांवीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं जन्मला. कुटुंब उत्तरेकडे आल्यावर तो हार्लेममधील एका भजनी वृंदांत गाऊं लागला. त्याचा आवाज तारसप्तकांत लीलेनें फिरे आणि त्यांत भजनाची आर्तता ओतप्रोत भरलेली असे. १९५० सालीं बिली वॉर्ड या संगीतशिक्षकानें त्याला आपल्या ‘डॉमिनोज’ या वृंदांत घेतलें. या वृंदाच्या ध्वनिमुद्रिका देशभर गाजल्या. परंतु वृंद होता वॉर्डच्या मालकीचा. गायकांना आठवड्याचा ठराविक पगार मिळे आणि शिस्त मोडल्यास दंड भरावा लागे. इतकेंच नव्हे, तर मॅक्फॅटर हा वॉर्डचा भाऊच आहे असें भासविण्यासाठीं त्याला कांहीं ठिकाणीं ‘क्लाइड वॉर्ड’ या नांवानें पुढें करण्यांत येई. ज्याच्या गळ्यामुळें तिकिटें खपत, त्याच्या वांट्याला स्वतःचें नांवहि पुरतें येत नव्हतें. १९५३ सालीं तो या वृंदांतून बाहेर पडला.

तेव्हां अ‍ॅटलांटिक ही ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी नुकती सहा वर्षांची झाली होती. तिच्या दोन संस्थापकांपैकीं अहमत एर्तेगुन हा वॉशिंग्टन येथील तुर्की राजदूताचा पुत्र. एके दिवशीं डॉमिनोजचा कार्यक्रम ऐकण्यास तो गेला असतां मॅक्फॅटर त्यांत दिसला नाहीं. चौकशी करतां त्यानें वृंद सोडल्याचें कळलें. एर्तेगुननें तडक हार्लेममध्यें जाऊन त्याला गांठलें आणि त्याच्यासाठीं नवा वृंद उभारण्याचें ठरविलें. हेच ड्रिफ्टर्स. त्याच वर्षीं वेक्स्लरहि अ‍ॅटलांटिकमध्यें भागीदार म्हणून आला. ‘मनी हनी’ ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादींत अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. १९५४ सालीं त्यांनीं ‘व्हाइट ख्रिसमस’ हें सर्वतोमुखीं असलेलें गीत नव्या ढंगांत गायलें. त्यांत बिल पिंकनीचा धीरगंभीर खर्ज आणि मॅक्फॅटरचा उंच, थरथरता स्वर यांचा जो संवाद आहे, तो नाताळच्या दिवसांत अद्यापहि ऐकूं येतो.

याच वर्षीं मॅक्फॅटरला सक्तीच्या लष्करभरतीचें बोलावणें आलें. लष्करांतून परतल्यावर त्यानें एकट्यानें गाण्याचें ठरविलें आणि वृंदांतील आपला मालकी हिस्सा व्यवस्थापक जॉर्ज ट्रेडवेल यास विकून टाकला. ट्रेडवेल हा पूर्वाश्रमींचा ट्रंपेटवादक; सुप्रसिद्ध गायिका सेरा व्हॉन हिचा पति आणि व्यवस्थापक म्हणून त्याला धंद्याचे सर्व खाचखळगे माहीत होते. हा विक्रीचा व्यवहार म्हणजेच या सगळ्या कथेचें मर्म होय. जो मनुष्य पगारी नोकरीला कंटाळून एका मालकाच्या हातून सुटला, त्यानेंच आपल्या सोबत्यांना दुसऱ्या मालकाच्या स्वाधीन केलें. यांत त्याचा दुष्ट हेतु नव्हता. सत्तावीस-अठ्ठावीस अशा पोक्त वयाचाहि तो नव्हता. परंतु आपण काय विकलें हें त्याला पुढें उमगलें, आणि त्याचा त्याला फार पश्चात्ताप झाला.

नांव हातीं आल्यावर ट्रेडवेलनें गायकांना पगारी नोकर मानलें. ध्वनिमुद्रिका कितीहि खपो, नाट्यगृह कितीहि भरो, गायकाचा आठवड्याचा पगार तेवढाच. मॅक्फॅटरच्या जागीं पुढें जॉनी मूर हा गुणी गायक आला आणि १९५५ सालीं त्याच्या आवाजांतील ‘अ‍ॅडोरेबल’ या गाण्यानेंहि पहिला क्रमांक मिळविला. तथापि असंतोष धुमसतच राहिला. १९५६ सालीं पिंकनीनें पगारवाढ मागितली, तेव्हां त्याला काढून टाकण्यांत आलें. दुसऱ्या वर्षीं मूर लष्करांत गेला. एकेक आधार असा निखळत गेला.

१९५८ सालचा उन्हाळा आला आणि एक विलक्षण गोष्ट घडली. हार्लेमच्या सुप्रसिद्ध अपोलो थिएटरशीं ट्रेडवेलचा ड्रिफ्टर्सच्या कार्यक्रमांचा अनेक वर्षांचा करार होता. गायकांचा आणि त्याचा खटका उडाला, तेव्हां त्यानें एकजात सर्व गायकांना घरीं पाठविलें. आतां करार होता, नांव होतें, पण गाणारा कोणी नव्हता. त्याच थिएटरांत ‘फाइव्ह क्राउन्स’ नांवाचा एक होतकरू वृंद गात होता. ट्रेडवेलनें त्यांनाच ड्रिफ्टर्स व्हायला सांगितलें. एका रात्रींत क्राउन्स संपले आणि नवे ड्रिफ्टर्स जन्मास आले. त्यांत बेन नेल्सन हा वीस वर्षांच्या आंतला तरुण होता. हार्लेममध्यें त्याच्या वडिलांचें लहानसें उपाहारगृह होतें आणि तेथेंच क्राउन्सच्या व्यवस्थापकानें त्याला हेरलें होतें. हाच पुढें बेन ई. किंग या नांवानें जगप्रसिद्ध झाला.

न्यायाची गोष्ट अशी कीं, या अन्यायी फेरबदलांतूनच ड्रिफ्टर्सचा सुवर्णकाळ उगवला. ६ मार्च १९५९ रोजीं जेरी लीबर आणि माइक स्टोलर या संगीतकारद्वयाच्या देखरेखीखालीं ‘देअर गोज माय बेबी’ हें गीत मुद्रित झालें. मुख्य पद चार्ली टॉमस म्हणावयाचा होता; पण ऐनवेळीं त्याला तें साधेना, म्हणून गीतरचनेंत हात असलेल्या किंगलाच पुढें यावें लागलें. या गीतांत व्हायोलिन-चेलोंचा समूह, टिंपनी हे मोठे नगारे आणि ब्राझीलकडील एका नृत्याचा ठेका यांचें अभूतपूर्व मिश्रण होतें. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या गाण्यांत तंतुवाद्यांचा असा वापर तेव्हां कोणाच्याहि कानाला परिचित नव्हता. वेक्स्लरला तें मुळींच रुचलें नाहीं. रेडिओची सुई दोन केंद्रांच्या मध्यें अडकली म्हणजे जसा गोंगाट होतो तसें हें वाटतें, असा त्याचा अभिप्राय पडला. अखेर ध्वनिमुद्रिका बाहेर पडली आणि सर्वसाधारण यादींत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. पुढें कित्येक वर्षें लोकप्रिय अमेरिकन संगीतानें या मार्गाचें अनुकरण केलें.

१९६० सालीं ‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’ हें गीत सर्वसाधारण यादींत थेट पहिल्या क्रमांकावर गेलें. ‘शेवटचें नृत्य माझ्यासाठीं राखून ठेव’ असा त्याच्या नांवाचा अर्थ. त्याचा कवि डॉक पोमस बालपणींच्या पोलिओमुळें कुबड्यांवर चाले. स्वतःच्या लग्नांत नववधू इतरांबरोबर नृत्य करीत असतां तो बसून पाहत राहिला होता, आणि त्या आठवणींतून हें गीत स्फुरलें. ऐकणाराला तें आनंदाचें गीत वाटतें. जाणणाराच्या डोळ्यांत पाणी उभें राहतें.

परंतु हें गीत यादीच्या शिखरावर पोहोंचलें तेव्हां तें गाणारा किंग वृंदांतून बाहेर पडला होता. त्यानेंहि पगारवाढच मागितली आणि त्यालाहि नकारच मिळाला. दूरचित्रवाणीवर किंगनें गायलेलीं गाणीं वाजत आणि पडद्यावर ओंठ हलत ते बहुधा चार्ली टॉमसचे. नांव एकाचें, गळा दुसऱ्याचा आणि मुखवटा तिसऱ्याचा, असा तो प्रकार होता. किंगचें पुढें कल्याणच झालें. १९६१ सालचें त्याचें ‘स्टँड बाय मी’ चौथ्या क्रमांकावर चढलें आणि त्याच नांवाच्या चित्रपटामुळें १९८६ सालीं पुन्हां पहिल्या दहांत आलें. पण असें भाग्य सर्वांच्या वांट्याला आलें नाहीं.

किंगच्या जागीं आलेला रूडी लुइस हाहि भजनी परंपरेंतलाच. दाट वस्तीच्या शहरांत घराच्या गच्चीवर मिळणारा निवारा वर्णन करणारें ‘अप ऑन द रूफ’ आणि त्यानंतरचें ‘ऑन ब्रॉडवे’ हीं दोन्ही त्याच्या आवाजांतील गीतें १९६३ सालीं पहिल्या दहांत होतीं. २१ मे १९६४ रोजीं ‘अंडर द बोर्डवॉक’ या गीताचें मुद्रण ठरलें होतें. त्याच्या आदल्या दिवशीं लुइस मरण पावला. मुद्रण मात्र रद्द झालें नाहीं. लष्करांतून सुटून वृंदांत परत आलेल्या जॉनी मूरनें लुइसचें पद म्हटलें. समुद्रकिनाऱ्यावरील उन्हाळी विहाराचें तें गीत. पण मूरच्या स्वरांत जी एक हुरहूर आहे तिचें कारण ठाऊक झाल्यावर तें पहिल्यासारखें ऐकतां येत नाहीं. तेंहि चौथ्या क्रमांकावर गेलें. अमेरिकेंतील पहिल्या दहांत येणारें ड्रिफ्टर्सचें तें शेवटचें गीत.

१९६७ सालीं ट्रेडवेल वारला आणि नांवाची मालकी त्याची पत्नी फे ट्रेडवेल हिच्याकडे आली. अमेरिकेंत अभिरुचि बदलली होती. तेव्हां तिनें वृंदाचा मुक्काम इंग्लंडांत हलविला आणि १९७४ सालीं तेथील यादींत त्यांचें एक गीत दुसऱ्या क्रमांकावर नेलें. जॉनी मूर तेथेंच राहिला आणि १९९८ सालीं लंडनमध्यें वारला. इकडे काढून टाकलेल्या पिंकनीनें ‘ओरिजिनल ड्रिफ्टर्स’ असा निराळा वृंद काढला होता. टॉमसनेंहि पुढें आपला वृंद चालविला. एका नांवाचे अनेक वृंद गांवोगांवीं गाऊं लागले, आणि कोर्टकचेऱ्यांना ऊत आला. २००५ नंतर अमेरिकेंतील अनेक संस्थानांनीं अशा फसव्या जाहिरातींविरुद्ध कायदे केले. मूळ ध्वनिमुद्रिकेंत गायलेला निदान एक तरी गायक असल्यावांचून, अथवा नांवाचा कायदेशीर हक्क असल्यावांचून, जुन्या वृंदाचें नांव लावतां येऊं नये, असा त्यांचा आशय. म्हणजे येथेंहि गळा आणि कागद यांना सारखाच मान मिळाला!

ट्रेडवेलच्या बाजूनें एवढें म्हटलें पाहिजे कीं, त्यानें नांव धरून ठेवलें नसतें तर मॅक्फॅटरच्या मागोमाग ड्रिफ्टर्सहि विस्मृतींत गेले असते, आणि हार्लेमच्या त्या पोरसवदा क्राउन्सना लीबर-स्टोलरसारखे संगीतकार लाभले असतेच असें नाहीं. नांवाच्या छायेखालीं नवे गळे फुलले, हें खरें आहे. परंतु छाया देणारा वृक्ष ज्यांनीं लावला, त्यांना फळ मिळालें नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे. क्लाइड मॅक्फॅटर दारूच्या आहारीं गेला आणि १३ जून १९७२ रोजीं वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं मरण पावला. १९८८ सालीं रॉक अँड रोलच्या कीर्तिमंदिरांत ड्रिफ्टर्सना स्थान देण्यांत आलें तेव्हां एक साधा प्रश्न उभा राहिला: ड्रिफ्टर्स म्हणजे कोण? कित्येक डझन गायकांतून सात नांवें निवडलीं गेलीं: मॅक्फॅटर, पिंकनी, गेरहार्ट थ्रॅशर, मूर, किंग, टॉमस आणि लुइस. त्या सातांत मालकाचें नांव नाहीं.