एका शब्दाचा आग्रह



दिवाळीआधी कुडाळच्या आमच्या दुकानाची पाटी नव्याने रंगवायची आहे. जुन्या पाटीवर मामंजींच्या नावापुढे 'आणि सन्स' आहे. तीस वर्षं दुकानाची रोजकीर्द, खतावणी मीच लिहिते. बी.कॉम. झाले, त्याचा उपयोग तिथेच झाला. मुलाला म्हटलं, "यात मी कुठे?" तो हसून म्हणाला, "आई, सन्समध्ये सगळेच आले गं."

तेव्हा मला हंसाबेन मेहता आठवल्या.

हंसाबेनचा जन्म १८९७ मध्ये सुरतेचा. वडील मनुभाई मेहता सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानचे दिवाण. डॉ. जीवराज मेहतांशी लग्न होऊन त्या मुंबईला आल्या. कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंगात गेल्या. पुढे महर्षी कर्व्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. संविधान सभेत पंधरा स्त्रिया होत्या, त्यांपैकी त्या एक. तिथे त्यांनी स्पष्ट सांगितलं, आम्हाला राखीव जागा नकोत, सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री देशातल्या स्त्रियांच्या वतीने सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला तो त्यांनीच.

त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. जाहीरनाम्याचा मसुदा चालू होता. पहिल्याच कलमात इंग्रजीत 'ऑल मेन' असे शब्द होते. अध्यक्ष होत्या एलिनोर रूझवेल्ट. त्यांचं म्हणणं, 'मेन'मध्ये स्त्रिया धरलेल्याच असतात. अगदी आमच्या मुलासारखं! हंसाबेन हटल्या नाहीत. काही देश हा शब्द शब्दशः घेतील आणि स्त्रियांना हक्क नाकारतील, ही त्यांची भीती. स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या आयोगाचाही त्याच शब्दावर आक्षेप होता. अखेर १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये जाहीरनामा मंजूर झाला, तेव्हा त्या जागी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज', म्हणजे सर्व माणसं, असे शब्द होते.

१९४९ मध्ये बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन, १९५८ पर्यंत. त्यांच्या काळात तिथे गृहविज्ञानाची वेगळी विद्याशाखा उभी राहिली. आहार, बालसंगोपन, घराचा हिशेब हे सगळं विद्यापीठात शिकण्याजोगं आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. आपण आयुष्यभर तेच करतो आणि कुणी विचारलं तर 'मी काही करत नाही, घरीच असते' म्हणतो.

हे सगळं मी मुलाला सांगितलं. आमचे हे गल्ल्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "बाबांनी लावलेली पाटी आहे, बघू." मुलगा गप्पच होता.

पेंटर सोमवारी येणार आहे. मी वहीच्या कोऱ्या पानावर मामंजींचं नाव लिहिलं, पुढे 'आणि परिवार' लिहिलं आणि ते पान गल्ल्यावर ठेवून आले आहे.